लिनक्ससाठी गेमिंग माउस घेण्यापूर्वी

इंदूरच्या जेल रोडवर जाऊन गेमिंग माउस आणि कंट्रोलर घेण्याचा तुमचा विचार असेल, तर आधी एक भेद लक्षात घ्यावा: लिनक्सवर वस्तू चालणे वेगळे आणि तिची सर्व वैशिष्ट्ये आपल्या ताब्यात असणे वेगळे. साधे क्लिक आणि कळा यूएसबीच्या एचआयडी या प्रमाणित पद्धतीने चालतात, त्यासाठी निर्मात्याच्या कृपेची गरज पडत नाही; परंतु डीपीआय (माउसची संवेदनशीलता), मॅक्रो (एका कळीवर बसवलेली क्रियांची मालिका) आणि दिव्यांचे रंग बदलण्याचे सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या विंडोजसाठी, फार तर मॅकसाठी देतात. ही उणीव मुख्यतः स्वयंसेवकांनी भरून काढली आहे. रेझरच्या उपकरणांसाठी ओपनरेझर आणि अनेक कंपन्यांच्या माउससाठी लिबरॅटबॅग, ज्याचा खिडकीतून वापरायचा भाग म्हणजे पायपर, यांच्या यादीत मॉडेलचे नेमके नाव पाहूनच पैसे द्यावेत. मी 'सगळीकडे चालतो' या दुकानदाराच्या शब्दावर एक कीबोर्ड घरी आणला, आणि तो रामबागेतल्या माझ्या खोलीत आजही रात्रभर गणपतीच्या आराशीसारखा लुकलुकतो.

कंट्रोलरचे चित्र बरे आहे. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरचा ड्रायव्हर खुद्द सोनीने दिला आणि तो २०२१ मध्ये कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.१२ आवृत्तीत आला.

यादीत मॉडेल नसेल, तर निदान ज्याच्या स्वतःच्या स्मृतीत सेटिंग साठतात असाच माउस घ्यावा. एखाद्या मित्राच्या विंडोजवर ती एकदा ठरवली की लिनक्सवरही टिकून राहतात.