सरांवर पहिल्यांदाच स्मृतिलेख लिहिताय?

तुमच्या प्रशिक्षक सरांवरच्या स्मृतिलेखाचा मसुदा वाचला. सरांवरची माया ओळीओळीत आहे, तेव्हा लिहिणं सोडू नका. फक्त सुरुवात बदला. पदकांच्या यादीने सुरुवात करणं ही जवळपास सगळ्यांचीच पहिली चूक.

अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन घ्या. यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने त्यांच्या हाताखाली १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. आकडा थोरच, पण माणूस दिसतो तो दुसरीकडे. हंगामाच्या पहिल्या सरावाला ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, म्हणून. आणि १९८५ साली पत्नी नेली हिचं निधन झाल्यावर दर महिन्याच्या २१ तारखेला ते तिला पत्र लिहून तिच्या उशीवर ठेवत. २००३ मध्ये विद्यापीठाच्या कोर्टला दोघांचं नाव दिलं गेलं, तेही नेलीचं आधी. मला तर विजेतेपदांपेक्षा ती उशीच आठवते.

तुम्ही सध्या एवढंच करा:

- सरांची एक रोजची सवय निवडा आणि ती सविस्तर लिहा.
- ‘प्रेमळ’, ‘शिस्तप्रिय’ खोडा. त्या जागी प्रसंग घाला.
- काकूंशी, मुलांशी बोला. मैदानावरचे सर तुम्हाला ठाऊक आहेत, घरातले नाहीत. तारखाही त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

मांडणी, भाषा नंतर बघू. आधी काकूंना भेटून या. घाई करू नका. बोलता बोलता त्यांना भरून आलं, तर वही मिटून नुसते बसा.