प्रथम वर्षाच्या मुलांसाठी काम करणार आहेस, तर

स्टुडंट मेंटॉरचं काम घेतलंस, मनापासून आनंद झाला. पहिल्या आठवड्यात सगळेच उत्साहात असतात. खरी गरज पडते पहिल्या चाचणीचे गुण कळल्यावर. प्रश्न घेऊन येणारा मुलगा बहुधा सावरतो. जो वर्गात, मेसमध्ये दिसेनासा होतो, त्याला स्वतःहून गाठ. ‘सगळं ठीक ना?’ विचारलंस तर ‘हो’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘काल झोप लागली का? जेवलास कुणाबरोबर?’ असं विचार. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच देऊ नकोस. जिवाला धोका वाटला तर समुपदेशकांना लगेच कळवावंच लागतं, आणि हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगून ठेव. असाइनमेंट समजावून सांग, लिहून देऊ नकोस. तुझ्या स्वतःच्या परीक्षेच्या दिवसांतल्या ड्यूट्या आत्ताच बदलून घे, ऐनवेळी कुणी घेत नाही.