आधी कोणाला सांगितलंत?

सप्रेम आशीर्वाद.

ट्रकचालकांची मैत्री आणि तब्येत यांवरच्या अभ्यासासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते आहे, पण ‘तुम्हाला जवळचे मित्र किती?’ या प्रश्नापाशी मी अडलो. चालकाला मित्रांची वानवा नसते. फोनवर कोणी ना कोणी असतंच. त्याऐवजी विचार: मागच्या वेळी दुखणं आलं तेव्हा आधी कोणाला सांगितलंत, आणि समोरचा काय म्हणाला?

छातीत जळजळतं म्हणून एक चालक दुसऱ्याला फोन लावतो. ‘ॲसिडिटी असेल, मलाही होते. गोळी घे आणि पड जरा.’ माया खरी असते, पण तिच्यामुळेच तपासणी लांबते. तोच मित्र कधी म्हणतो, ‘तू दवाखान्यात जा, तुझी फेरी मी मारतो,’ आणि त्याच दिवशी ईसीजी निघतो. मित्रांची नुसती संख्या मोजून हा फरक तुला दिसणार नाही.

बर्कमन आणि साइम या संशोधकांच्या १९७९च्या अभ्यासाचा आधार घेतलास, ते बरं केलंस. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत ज्यांची नाती विरळ होती, त्यांच्यात नऊ वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पण ते सर्वसाधारण रहिवासी होते. चालकाची नाती असतात, फक्त ती अंतरावर असतात.

झोपेचंच बघ. स्लीप ॲप्निया या झोपेच्या विकारात घोरणं मध्येच थांबतं, श्वास अडतो, मग माणूस धडपडून श्वास घेतो. बहुतेकांना स्वतःला याचा पत्ताच नसतो; लक्षात येतं ते शेजारी झोपलेल्याच्या. केबिनमध्ये एकट्यानं झोपणाऱ्याला कोण सांगणार? त्याला दिवसा पेंग येते, तो ती थकव्यावर ढकलतो आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, आणि तुझ्या प्रश्नावलीत झोपेबद्दल एक ओळही नाही.

मुलाखती मालकाच्या किंवा सुपरवायझरच्या देखत घेऊ नकोस. आजार कळला तर गाडी हातातून जाईल, ही भीती ज्याच्या मनात आहे तो तिथे ‘तब्येत ठणठणीत’ असंच सांगणार. माल उतरत असताना तो मोकळा असतो, तेव्हा गाठ.

आणखी एक प्रश्न घाल: रक्तदाबाची गोळी वाटेत संपली तर काय करता? त्रास जाणवत नाही म्हणून ती सहज सुटते. घरून कोणी आठवण करतं का, तेही विचार. पहिल्या काही मुलाखती झाल्या की टिपणं पाठव. प्रश्नांचा क्रम तेव्हा ठरवू.