उत्तर इंग्लंडमध्ये लाल खारींसाठी स्वयंसेवक म्हणून काय काम असतं? करड्या खारींना माणसं खरंच मारतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आपल्यातले बरेच जण तिथूनच मागे फिरतात. हो, लाल खारी टिकाव्यात म्हणून करड्यांना मारतात. मी नॉर्थम्बरलँडमध्ये ज्या गटात आहे, तिथेही हे काम चालतं. तुम्ही कंब्रियातल्या पेनरिथजवळ राहायला आला आहात आणि शाळकरी मुलांना घेऊन करता येईल असं काम शोधताय, असं प्रश्नात लिहिलंय. म्हणून हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ साली चेशरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये ती सोडल्याची नोंद आहे, आणि पुढे कित्येक वर्षं बड्या जमीनदारांनी बागेची शोभा म्हणून ती ठिकठिकाणी सोडली. आज ब्रिटनमध्ये करड्या खारी २५ लाखांच्या वर आहेत. इथल्या मूळच्या लाल खारी तीन लाखांच्याही आत, आणि त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये. इंग्लंडमध्ये त्या मुख्यतः आपल्या या उत्तरेकडच्या पट्ट्यात, लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बीच्या किनाऱ्यावर आणि दक्षिणेत आइल ऑफ वाइट, ब्राउनसी अशा बेटांवर उरल्या आहेत.

करड्या लाल खारींना मारून हाकलतात असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. ओकची फळं करडीला चांगली पचतात, लालला नीट पचत नाहीत. त्यामुळे रुंद पानांच्या झाडांच्या रानात करड्या कितीतरी दाटीने राहू शकतात, आणि अर्धपोटी राहिलेल्या लाल माद्यांना पिल्लं कमी होतात. पण खरा घात होतो तो स्क्विरलपॉक्स या विषाणूने. करड्या तो अंगावर बाळगतात, त्यांना सहसा काही होत नाही. लाल खारीच्या मात्र डोळ्यांभोवती, तोंडावर, पंजांवर फोड येतात, खाणं बंद होतं आणि बहुधा दोन आठवड्यांत ती मरते. २००८ मध्ये फॉर्म्बीला साथ आली तेव्हा तिथल्या पाचांतल्या चार लाल खारी गेल्या. पुढे संख्या सावरली, पण त्याला बरीच वर्षं लागली. लस अजून वापरात नाही.

पकडलेली करडी खार दूर कुठेतरी नेऊन सोडायची, हा पर्याय सगळ्यांनाच सुचतो. कायद्याने तो बंद आहे. सापळ्यात आलेली करडी खार परत सोडता येत नाही, तिला कमीत कमी वेदना होतील अशा रीतीने मारावंच लागतं. आमच्याकडे हे काम प्रशिक्षण घेतलेली माणसंच करतात. सापळे दिवसातून किमान दोनदा तपासतात, कारण त्यात लाल खारही अडकू शकते आणि तिला लगेच मोकळं करावं लागतं.

याने खरंच फरक पडतो का, तर वेल्समधलं अँगलसी बेट बघा. १९९८ मध्ये तिथे करड्या हटवायला सुरुवात झाली तेव्हा चाळीसेक लाल खारी उरल्या होत्या. आता त्या कितीतरी शेकड्यांत आहेत. तरीही मुख्य भूमीवरून करड्या अधूनमधून पुलांवरून येतात आणि पाळत चालूच ठेवावी लागते. आपल्याकडे तर मध्ये समुद्रही नाही. एका शेतमालकाने परवानगी नाकारली, की त्याच्या रानातून करड्या शेजारच्या दोन रानांत शिरतात. म्हणून लोकांच्या दारात जाऊन बोलणं, चहा पिता पिता त्यांच्या शंका ऐकून घेणं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

मी स्वतः सापळ्याचं काम करत नाही. खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत हे ऐकत वाढलेल्या माझ्या हातून ते होणार नाही, हे मी गटाला सांगितलं आणि कुणी आग्रह केला नाही. पण मी रानात लावलेल्या कॅमेऱ्यात करडी खार दिसली की सापळा तिथेच लागतो, तेव्हा त्या मरणात माझाही हात आहे. सापळा लावणाऱ्यांना निष्ठुर समजू नका. त्यांच्याइतकी लाल खारींची काळजी करणारी माणसं मी पाहिलेली नाहीत. मुलांनी विचारलं तर खरं सांगा, मुलांना समजतं.

न मारता करण्यासारखं काम भरपूर आहे. झाडाला लाकडी खाद्यपेटी लावतात. खार डोक्याने झाकण उचलून आत तोंड घालते, तेव्हा झाकणाखालच्या चिकटपट्टीला तिचे केस लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते लालचे की करडीचे हे ओळखता येतं. रानातल्या कॅमेऱ्यांचे फोटो चाळायला मुलं फार तयार असतात. त्यांना एक मात्र शिकवा, नुसत्या रंगावर जाऊ नका. उन्हाळ्यात करडीच्या अंगावर तांबूस छटा असते आणि थंडीत लालची पाठ करडी दिसते. अंगाचा आकार बघा, करडी मोठी असते. शेपटीभोवती पांढरी कड आहे का बघा, ती करडीची खूण. कानांवरचे केसांचे झुपके लाल खारीची खूण खरी, पण उन्हाळ्यात ते जवळपास नाहीसे होतात. दाणे खाऊन टाकलेल्या कणसासारखा कुरतडलेला पाइनचा शंकू सापडला, तर तिथे खार आहे एवढंच कळतं, कोणती ते नाही. वसंतात ‘रेड स्क्विरल्स नॉर्दर्न इंग्लंड’ या लाल खारींसाठीच्या प्रकल्पातर्फे मोठी पाहणी होते, तेव्हा ठरलेल्या रानांमध्ये स्वयंसेवक लागतातच.

पाइन मार्टिनबद्दलही तुमच्या कानावर येईल. हा पाणमांजराच्या कुळातला, झाडांवर चढणारा शिकारी. तो परतला तिथे करड्या कमी झाल्या, असं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. स्कॉटलंडहून तो नॉर्थम्बरलँडमध्ये यायला लागलाय याचा मला फार आनंद आहे. पण तो पुरेसा पसरेपर्यंत हे काम माणसांनाच करायचंय.

पेनरिथ भागाचा स्वतःचा लाल खार गट आहे, त्यांना आधी भेटा. बागेत खाद्यपेटी लावायची घाई करू नका. एकाच पेटीवर लाल आणि करड्या दोन्ही आल्या तर रोग तिथूनच पसरतो. आसपास करड्या आहेत का हे गटाला माहीत असतं. त्यांनी होकार दिला तर नुसते शेंगदाणे ठेवू नका, त्यांत कॅल्शियम फार कमी असतं, हेझलनट चालतात. पेटी नियमित जंतुनाशकाने धुवा. आजारी लाल खार दिसली, तर पेटी त्याच दिवशी काढून गटाला फोन करा.