पाचव्या दिवसाची हगवण लाइटमुळे लागत नाही

प्रश्न असा आहे: "बीडजवळ वराहपालन आहे. २८ दिवसांच्या यॉर्कशायर पिलांचं दूध तोडलं. २४ तास लाइट आणि २२ टक्के प्रोटीनचं खाद्य सुरू केलं, त्यात घरचं सोयाबीन भरडून टाकलं. पाचव्या दिवसापासून हगवण लागली. लाइट किती तास ठेवू?"

भाऊ, तासांचं सांगतो, पण आधी त्या पाच दिवसांत कप्प्यात काय घडलं ते बघा.

आईजवळ असताना पिलू साधारण तासातासाला, सगळ्या भावंडांसोबत, कोमट दूध पितं. दूध तोडलं की मादीची हाक नाही, ऊब नाही, आणि समोर कोरडी भुकटी. बरीच पिलं पहिला दिवसभर तिला तोंड लावत नाहीत, काही तर ४८ तास उपाशी राहतात. पोट रिकामं राहिलं की आतड्याच्या आतली बारीक लव आखडते, आणि अन्न पचवायचं व शोषायचं काम त्या लवेचंच असतं. मग तिसऱ्या दिवशी भूक अनावर होते आणि पिलू ठासून खातं. जठरात आम्ल अजून पुरेसं तयार होत नाही. न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात जाऊन सडतं आणि ई. कोलाय हा जंतू फोफावतो. चौथ्या ते दहाव्या दिवसातली हगवण बहुतेक वेळा हीच असते.

"जास्त प्रोटीन म्हणजे जास्त वाढ" हे खाद्य विकणाऱ्यांचं पालुपद आहे आणि माझा त्याला कायम विरोध आहे. या वयात एकूण प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि लायसिन (प्रोटीनचा एक घटक, वेगळा विकत मिळतो) १.३ टक्क्यांपर्यंत वरून भरून काढा. वाढ लायसिनवर होते. उरलेलं प्रोटीन जंतूंच्या तोंडी जातं.

कच्चं सोयाबीन तर आजच बंद करा. लातूर-बीडकडे ते घरोघरी असतं, भाव पडला की पिलांच्या पुढ्यात येतं. त्यात ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, म्हणजे प्रोटीन पचवणारा रसच निकामी होतो. भरडल्यानं तो जात नाही, नीट भाजल्यावरच जातो. सरकी पेंडही नको, तिच्यातलं गॉसिपॉल डुकराला विषारी आहे.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी १०० किलोचा हिशेब असा: मका ४५, तांदळाची कणी १२, सोयापेंड १६, भाजून भरडलेलं सोयाबीन ५, व्हे पावडर (पनीर-चीजच्या निवळीची भुकटी) १०, स्किम्ड मिल्क पावडर ६, गव्हाचा कोंडा ३. उरलेल्या तीन किलोत खनिज मिश्रण व डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी), मीठ पाव किलो, लायसिन ४०० ग्रॅम, आणि लायसिनसारखेच प्रोटीनचे घटक थ्रिओनिन १५० व मेथिओनिन १०० ग्रॅम. दूध पावडरीचा खर्च बघून घाबरू नका, एक पिलू या दोन आठवड्यांत जेमतेम तीन-चार किलो खातं. कॅल्साइट पावडर (चुनखडीची भुकटी) जास्त टाकू नका, ती जठरातलं आम्ल मारते. लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीचं खाद्य याच कारणानं चालत नाही. मका बुरशीचा नको, ओलावा १३ टक्क्यांच्या आत हवा. पुढचं खाद्य चार-पाच दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

पहिले दोन दिवस हेच खाद्य एक भाग आणि कोमट पाणी दोन भाग, असं पेजेसारखं कालवून उथळ, लांब ताटात दिवसातून पाच-सहा वेळा द्या. २० पिलांना दोन्ही बाजूंनी खाता येईल असं सव्वा मीटरचं ताट लागतं, कारण त्यांना एकत्र खायची सवय असते. तासाभरात उरलेलं काढून ताट धुवा, आपल्या उन्हाळ्यात ते लगेच आंबतं.

आता लाइट. पहिल्या ४८ तासांत तिचं काम एकच, पिलाला ताट आणि निपल (पाणी प्यायची तोटी) सापडावं. तेवढे दोन दिवस ताटावरचा दिवा १८-२० तास चालेल. नंतर १४-१६ तास उजेड, आणि रात्री सलग अंधार हवाच. युरोपचा नियम रोज किमान आठ तास ४० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असा आहे. १०० चौरस फुटांच्या कप्प्यात नऊ वॅटचा एक एलईडी सहा-सात फुटांवर लावला की तेवढा उजेड पडतो, फक्त बल्बवरची धूळ-जाळी पुसत जा. दिवा ताटाच्या बाजूला, झोपायची जागा अंधुक. पिलं झोपायला अंधारी जागा निवडतात आणि उजेडाकडे जास्त हगतात, त्यामुळे झोपायची जागाही कोरडी राहते. २४ तास लाइट ही ब्रॉयलरवाल्यांकडून उचललेली सवय आहे. पिलाला खाण्याइतकीच झोप लागते.

लाल बल्ब उबेसाठी आहे, त्याला लाइटमध्ये धरू नका. डुकराच्या डोळ्याला लाल रंग फार कमी दिसतो. पहिल्या आठवड्यात झोपायच्या जागी २८ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला दोन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिलं खरं सांगतात: एकावर एक चढली तर थंडी, विखरून लांब पडली तर गरमी. शेड शेतीपंपाच्या फीडरवर असेल तर लाइट गेली की ऊबही जाते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी पोत्याचा पडदा लावलेली लाकडी पेटी आणि कडब्याची कोरडी कुट्टी तयार ठेवा.

पाण्याकडे कुणी बघत नाही. १० पिलांना एक निपल, मिनिटाला अर्धा लिटर धार. टँकरच्या दिवसांत टाकी कोरडी पडते, खाद्यातलं मीठ अंगात साठतं, आणि नंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की झटके येऊन पिलं मरतात. खंड पडलाच तर पाणी थोडं थोडं करून सोडा.

हे सगळं २८ ते ३५ दिवसांत तोडलेल्या पिलांचं. तुम्ही ४५ ते ५६ दिवसांनी तोडत असाल तर दूध पावडर जवळपास वगळता येते. दूध तोडणं, खच्चीकरण आणि लस एकाच दिवशी करू नका. सध्या आजारी पिलांना ओआरएस द्या आणि खाद्य निम्मं करा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मागू नका, २०१९ पासून खाद्यजनावरांसाठी ते बंद आहे. पापण्या सुजल्या, चाल लडखडली, किंवा ताप येऊन कानावर-पोटावर निळे-लाल चट्टे उठले तर ती खाद्याची हगवण नव्हे. त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा आणि शेडमधून एकही पिलू बाहेर विकू नका.