खांब कुणाचा, दिवा कुणाचा, अर्ज कुणाकडे? हद्दीवरच्या वसाहतीसाठी

तुमचा प्रश्न वाचला. परतीच्या पावसात कोपऱ्यावरचा विजेचा खांब कललाय, रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, मोकळ्या प्लॉटांत कमरेएवढं गवत आणि पाणी आहे, दसरा-दिवाळीला निम्मी घरं गावाला जाणार. पंचायत म्हणते बेळगाव महापालिकेत जा, महापालिका म्हणते पंचायतीत जा. आणि रहिवाशांसाठी एक सूचनापत्र काढायचंय, त्यात काय लिहू, असं विचारलंय. आमच्या वसाहतीने हाच गुंता जसाच्या तसा भोगलाय, म्हणून सविस्तर लिहितो. सूचनापत्राचं नंतर. खरा घोळ हद्दीचा आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि लाईनमनही नाही. पंचायतीपंचायतीत रीत थोडी वेगळी असते, तेव्हा आपल्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, एकदा विचारून घ्या.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही, कारण हा प्रकार एकाच ठिकाणचा नाही. टेबलावरचा माणूस अर्जाची पहिली ओळ वाचतो, मान न उचलता म्हणतो, "हे आमच्याकडे येत नाही." तरी आग्रह धरला तर "ठेवून जा, साहेबांना दाखवतो." ना शिक्का, ना नंबर. पुढच्या खेपेला दुसराच माणूस बसलेला असतो आणि तो विचारतो, "पहिला अर्ज कुठाय?" कागद नाही म्हणजे तक्रारच झाली नाही. यात अख्खा पावसाळा गेला आणि खांब आणखी झुकला. साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर बंद आहे, हे एकवेळ चालवून घेता येतं. पण "आमच्याकडे येत नाही" असं तोंडी सांगून माणसाला परत पाठवणं यासारखा अन्याय नाही. कारण कुणाकडे येतं ते सांगायचीही तसदी कुणी घेत नाही.

हे चालतं कसं, तर अर्जात खांब, दिवे, गटार, गवत असं सगळं एकत्र असलं की नाकारायला वाट मिळते. चारातली एक गोष्ट त्यांची नसते, तिच्याकडे बोट दाखवून चारही परत करतात. म्हणून माझं ठाम मत: एक विषय, एक अर्ज. "समस्त रहिवाशांच्या विविध समस्यांबाबत" असा विषय लिहिलेला अर्ज म्हणजे रद्दी.

आता मालकी कुणाची ते. खांब, तारा आणि टीसी (ट्रान्सफॉर्मर) विजेच्या कंपनीचे, म्हणजे आपण अजून केईबी म्हणतो त्या हेस्कॉमचे. त्याच खांबावरचा दिवा मात्र स्थानिक संस्थेचा. तो लावणं, बदलणं, त्याचं बिल भरणं हे पंचायतीचं किंवा महापालिकेचं काम. लाईनमनला दिव्याबद्दल कितीही बोललात तरी तो हात लावणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पंचायत की महापालिका, याचं उत्तर तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर आहे. ई-स्वत्तुचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, नमुना 9 आणि 11 असेल तर पंचायत. खाता (मालमत्तेचा उतारा) महापालिकेचा असेल तर महापालिका. एकाच रस्त्याची डावी बाजू एकीकडे आणि उजवी दुसरीकडे असेल, तर दिवे ज्या बाजूच्या खांबांवर आहेत त्या बाजूची पावती जोडा. आणि बिल्डरने लेआउट अजून हस्तांतरितच केलेला नसेल, तर दिवे आणि गटारं त्याच्याच गळ्यात आहेत. अशा वेळी लेआउट मंजुरीच्या आदेशाची प्रत आधी मिळवा, नाहीतर दोन्ही कार्यालयं तुम्हाला हेलपाटे घालायला लावतील.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक शिक्का, नंबर, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घेत नसतील तर वाद न घालता बाहेर या आणि तोच अर्ज स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. पोस्टाची पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.

"आमच्याकडे येत नाही" यावर सगळ्यात चांगला उतारा माहिती अधिकाराचा. 2005 च्या कायद्याचं कलम 6(3) बघा: मागितलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज परत करता येत नाही, 5 दिवसांच्या आत त्यांनीच तो योग्य जागी पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. म्हणून तक्रार लिहू नका, माहिती मागा: "सर्व्हे नंबर अमुक मधील अमुक रस्त्यावरच्या पथदिव्यांची देखभाल कोणत्या संस्थेकडे आहे, त्या आदेशाची प्रत द्यावी." फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत, हे विसरलात तर तेवढ्यावरूनच अर्ज फेटाळतील. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. लेखी उत्तर हातात आलं की हद्दीचा खेळ संपतो. त्यानंतर तोच कागद जोडून 1902 वर, म्हणजे राज्य सरकारच्या जनस्पंदन तक्रार यंत्रणेत तक्रार नोंदवा.

भाषेचं विचारलं नाहीत, पण विचाराल. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, मराठीतही. तो हक्क सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण खांब डोक्यावर लोंबकळत असताना टेबलावर भाषेचा वाद सुरू झाला की खांब बाजूला राहतो. वर कन्नड, खाली मराठी, दोन्हींवर सह्या असा अर्ज द्या. गल्लीत कन्नड शाळेत शिकलेली पोरं आहेत, अर्ध्या तासात लिहून देतात.

आता प्रत्यक्ष खांब. अर्जात "खांब वाकला आहे" एवढंच लिहिलं तर कुणी हलत नाही. खांबावर रंगाने लिहिलेला नंबर द्या. पुसला असेल तर जवळच्या टीसीचा नंबर आणि समोरच्या घराच्या वीजबिलावरचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा नंबर) द्या, त्यावरून हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला जागा लगेच सापडते. फोटोसाठी गवंड्याकडून ओळंबा आणा. खांबाला हात न लावता चार-पाच पावलं लांब उभं राहून ओळंब्याची दोरी आणि खांब एकाच फोटोत घ्या. दोरी सरळ, खांब तिरका. कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आठवड्याने त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. कल वाढलेला दिसला की अर्जावर "तातडीचे" लिहायला आधार मिळतो.

खांब कलतो का? साधारणपणे खांब लांबीच्या सहाव्या हिश्शाइतका जमिनीत असतो, 9 मीटरचा असेल तर दीड मीटर. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या बाजूची जमीन काळी. पावसात ती फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात भेगा पडून खांबापासून सुटते. त्यात कुणी नळासाठी किंवा गटारासाठी खांबाच्या बुडाशीच चर खणला असेल, तर एका बाजूचा आधारच गेला. दुसरं कारण ताणाची तार, म्हणजे खांबाला ओढून धरणारी जमिनीत रोवलेली तार. गाडी लावायला अडचण होते म्हणून ती सैल केलेली किंवा कापलेली असते. ताणाच्या तारेत जमिनीपासून निदान 3 मीटर उंचीवर चिनीमातीचा गुटका असायला हवा, म्हणजे वर वीज उतरली तरी खाली येत नाही. तो फुटलेला दिसला तर अर्जात स्वतंत्र ओळ लिहा. आणि त्या तारेला म्हैस बांधणं, कपड्यांची दोरी बांधणं, नवरात्राची माळ अडकवणं आजच बंद करा.

तार तुटून पडली तर कमीत कमी 10 मीटर लांब राहा, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. आधीच जवळ असाल तर पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून घसटत मागे या. काठीने तार बाजूला सारायला जाऊ नका, ओल्या बांबूतून वीज येते. हेस्कॉमच्या 1912 वर फोन करून तक्रारीचा नंबर लिहून घ्या, तारेमुळे जिवाला धोका असेल तर 112 वरही सांगा. तारेवर आलेली फांदी स्वतः तोडू नका, लाईन बंद करून घेतल्याशिवाय लाईनमनसुद्धा तोडत नाही. आणखी एक, ओघात सांगतो: गल्लीतल्या काही घरांत दिवे मंद आणि काहींत डोळे दिपतील असे झाले, तर न्यूट्रल सुटलाय. मेन स्विच लगेच पाडा, नाहीतर फ्रीज-टीव्ही जळतील.

मोकळ्या प्लॉटांचं. मालक पुण्यात नाहीतर बेंगळुरात, फोन उचलत नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटकाने डेंग्यूला साथरोग जाहीर करून दंडाचे नियम केले. डासांची पैदास होणाऱ्या मोकळ्या जागेला शहरात 2000 आणि ग्रामीण भागात 1000 रुपये. रक्कम मोठी नाही, पण नोटिशीचा कागद घरी गेला की मालकाचा फोन येतो. प्लॉट नंबर, साचलेल्या पाण्याचा फोटो आणि तारीख देऊन पंचायतीकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नोटिशीची मागणी करा. तोवर घरातलं बघा: अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, काथ्याने घासा. फ्रीजमागचा ट्रे, सिंटेक्सचं उघडं झाकण, नारळाच्या करवंट्या, पायाभरणीचे खड्डे. ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यातलं काही दिसलं तर लगेच दवाखान्यात. डेंग्यूत धोका ताप उतरतानाच असतो.

गवत कापून घ्यायचं ते भातकापणी सुरू व्हायच्या आत. कापणीला लागलं की शेतातले उंदीर वसाहतीकडे सरकतात आणि मागोमाग साप. मण्यार रात्री घरात शिरते, चावलेलं दुखतही नाही, म्हणून या दिवसांत जमिनीवर अंथरूण घालू नका. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, हात किंवा पाय हलू न देता 108 बोलवा आणि सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ जिवावर बेततो.

आता सूचनापत्र. एकच पान, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. तारीख घाला, नाहीतर गेल्या वर्षीचा कागद लोक पुन्हा फिरवतात. वर तीन ठळक ओळी: कललेल्या खांबाची जागा आणि तिथून पोरांना नेऊ नका, 1912 आणि 112, कोरड्या दिवसाचा वार. खाली बंद घरांचं. कोण गावाला जाणार, कधी येणार ही यादी सूचनापत्रात नको आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. ती बीटच्या पोलिसाकडे द्या. घर पंचायतीत असलं तरी पोलीस ठाणं शहर आयुक्तालयातलं असू शकतं, काकती आणि मारिहाळ ही उदाहरणं. तेवढं आधी बघून घ्या. दूध-पेपर बंद, दागिने लॉकरमध्ये, बाहेरचा एक दिवा टायमरवर. दिवसभर जळत राहिलेला दिवा घर बंद असल्याची जाहिरातच करतो.

फटाके रात्री 8 ते 10, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेली वेळ तीच. वसाहतीच्या कडेला पिंजराच्या (भाताच्या वाळल्या काडाच्या) गंज्या असतील तर त्या बाजूला रॉकेट अजिबात नको. पोरांच्या किल्ल्यावरची माळ ॲडॅप्टरवरचीच लावा. ओल्या मातीत उघडा जोड आणि त्यात घरची 230 व्होल्ट हे दरवर्षी कुठेतरी दिसतंच. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

दिव्यांचा अर्ज घटस्थापनेच्या आधी आत जाऊ दे. नवरात्रातली दुर्गामाता दौड पहाटे अंधारातच निघते. रस्ता दौडीच्या वाटेवर असेल तर तसं अर्जात लिहा, लवकर हलतात. पुढे दसरा, दिवाळी, 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव अशा सुट्ट्या लागतात. डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सगळे साहेब हलग्याच्या रस्त्यावर. तेव्हा नोव्हेंबरअखेर फाईलवर शेरा पडला नाही, तर संक्रांतीपर्यंत कुणी ती उघडणार नाही असं धरून चाला.