राजकारण समजावं म्हणून टीव्हीवर आठवडाभर काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज जेमतेम तासभर मिळतो, रात्रीच्या चर्चा बघून डोकं उठतं आणि हाती काहीच लागत नाही. मग राजकारण खरंच कळेल असं आठवडाभर काय बघावं?

माझं मत सरळ आहे. आधी सभागृह, मग स्टुडिओ. रात्री नऊला सहा जण ज्यावर भांडतात ते बहुतेक वेळा दुपारी सभागृहात झालेलं असतं, आणि ते पूर्ण, न कापता बघायला मिळतं. ते न बघता थेट चर्चेला बसलं की कोण खरं बोलतंय हे ठरवायला आपल्याकडे काहीच साधन उरत नाही.

खाली आखलेला आठवडा अधिवेशन चालू असतानाचा आहे. संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेर सुरू होऊन मधल्या सुट्टीसह एप्रिलपर्यंत चालतं, पावसाळी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून १५ सप्टेंबर २०२१ला संसद टीव्ही सुरू झालं. अधिवेशनात त्याच्या एका वाहिनीवर लोकसभा असते, दुसरीवर राज्यसभा. दिवसा कामावर असाल तर काळजी नको, सगळी रेकॉर्डिंग त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर सापडतात. उलट रात्री रेकॉर्डिंग बघणं सोयीचं, कारण गदारोळ आणि तहकुबी वगळून पुढे जाता येतं.

सोमवारी प्रश्नोत्तराचा तास बघा. आठवड्यात एकच गोष्ट बघायची असेल तर हीच. लोकसभेत तो सकाळी ११ ते १२ असतो, राज्यसभेत २०१४पासून १२ ते १. फक्त तयारीशिवाय बसू नका. नाव पुकारल्यावर मंत्री उठतात, "उत्तर सभापटलावर ठेवलं आहे" एवढंच म्हणतात आणि थेट पुरवणी प्रश्न, म्हणजे त्या उत्तरावरचे पुढचे प्रश्न, सुरू होतात. लेखी उत्तर वाचलेलं नसेल तर पुढची दहा मिनिटं कशाबद्दल चाललंय तेच कळत नाही, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून चॅनेल बदलतात. म्हणून आधी संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांची यादी उघडा. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. अतारांकितांना फक्त लेखी उत्तर मिळतं. मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला वार ठरवून दिलेला असतो, त्यामुळे शेतीत रस असेल तर शेतीचा वार कोणता ते एकदा बघून ठेवा. वेळ मात्र वरच्या पाच-सहा प्रश्नांनाच पुरतो, म्हणून त्यातलेच दोन निवडा आणि त्यांची लेखी उत्तरं वाचून घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता प्रत्यक्ष ऐकताना. लोकसभेत मूळ प्रश्न विचारणाऱ्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतरांना एकेक देतात. उत्तर देताना आकडा कुठे सरकतो तिकडे कान ठेवा. समजा खासदाराने विचारलं, "माझ्या जिल्ह्यात गेल्या वर्षी या योजनेतली किती घरं पूर्ण झाली?" उत्तर येतं, "देशभरात योजना सुरू झाल्यापासून इतकी घरं मंजूर केली." वाक्य एकच, पण त्यात तीन बदल झाले: जिल्ह्याचा देश झाला, एका वर्षाची सगळी वर्षं झाली, 'पूर्ण'चं 'मंजूर' झालं. आकडा बहुधा खोटा नसतो, तो वेगळ्याच प्रश्नाचा असतो. कागदावर 'कुठे, कधी, काय' असे तीन रकाने आखून प्रश्न आणि उत्तर समोरासमोर लिहा. दोन आठवड्यांत कागदाची गरज उरत नाही. सत्ताधारी कोणीही असो, केंद्रात असो की राज्यात, ही पद्धत सगळे वापरतात, म्हणून आपल्या आवडत्या पक्षाच्या मंत्र्यावरही ती लावून बघायची.

दुसरी खूण आश्वासनाची. "माहिती गोळा केली जात आहे", "मी यात लक्ष घालतो" अशी ठरावीक वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि सरकारने ती तीन महिन्यांत पूर्ण करावीत अशी अपेक्षा असते. त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. असं वाक्य ऐकलं की तारीख टिपून ठेवा, कारण बातम्यांमध्ये ते सहसा पुन्हा येत नाही.

प्रश्नोत्तरांनंतर लोकसभेत शून्य प्रहर येतो (राज्यसभेत तो आधी, ११ वाजता). खासदार तातडीचे विषय मांडतात, राज्यसभेत प्रत्येकी तीन मिनिटांत. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर देणं बंधनकारक नसतं. आपल्या भागातला खासदार बोलत असेल तर बघा, नाहीतर सोडून द्या.

मंगळवार आणि बुधवार एकाच विधेयकाला द्या, शक्य तर एक दिवस लोकसभेतली चर्चा आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतली. आधी विधेयकाच्या शेवटी जोडलेलं उद्देश व कारणांचं निवेदन वाचा, एक-दोन पानंच असतं. भाषणं सगळी ऐकण्याची गरज नाही. सुरुवातीचं मंत्र्यांचं, विरोधकांच्या पहिल्या वक्त्याचं, एखाद्या छोट्या प्रादेशिक पक्षाचं आणि शेवटचं मंत्र्यांचं उत्तर, एवढी चार पुरेत. छोट्या पक्षाचं मुद्दाम सांगतोय. त्याला वेळ कमी असतो, त्यामुळे तो थेट कलमावर बोलतो. वेळ साधारणपणे सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. ५४३च्या सभागृहात आठ तासांची चर्चा असेल तर ५० खासदारांच्या पक्षाच्या वाट्याला सुमारे ४४ मिनिटं येतात, पाच खासदारांच्या पक्षाला चार-साडेचार. "आमचा माईक बंद केला" अशी तक्रार रात्री ऐकू आली की आधी हा हिशोब करा. काही वेळा वेळ खरंच संपलेली असते, काही वेळा नसते, आणि रेकॉर्डिंगवर घड्याळ लावून दोन्ही तपासता येतं.

शेवटी कलमवार मतदान होतं ते चुकवू नका. आवाजी मतदानात ('हो' किंवा 'नाही' असं ओरडून) कोण कुठे उभं होतं याची नावनिशी नोंद राहत नाही, मतविभागणी (एकेकाचं मत मोजणं) मागितली तरच राहते. एखादा पक्ष भाषणात कडाडून विरोध करतो आणि मतविभागणी मागत नाही किंवा त्याआधी सभात्याग करतो, तेव्हा त्याची खरी भूमिका भाषणापेक्षा तिथे कळते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सभागृहातले कॅमेरे सभागृहाच्याच यंत्रणेचे असतात, खाजगी वाहिन्यांना तीच चित्रं घ्यावी लागतात. गोंधळ सुरू झाला की कॅमेरा बहुधा पीठासीन अधिकाऱ्यांवर स्थिरावतो. त्यामुळे हौद्यात (पीठासीन अधिकाऱ्यांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत) नेमकं काय घडलं ते दिसत नाही, त्यासाठी दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं, तीही दोन वेगवेगळी, वाचावी लागतात. शिवाय थेट प्रक्षेपणात ऐकलेलं एखादं वाक्य नंतर कामकाजातून वगळलेलं असू शकतं.

गुरुवार राज्याचा. आपल्या पाण्याचं, शाळांचं, पोलिसांचं राजकारण तिथेच ठरतं, तरी मराठी प्रेक्षक संसदेपेक्षा विधिमंडळ कमी बघतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ जणांची परिषद, दोन्हीकडचं कामकाज इंटरनेटवर थेट दिसतं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. इथे लक्षवेधी बघा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सदस्याची सूचना. लक्षवेधीवर संबंधित मंत्र्यांचं निवेदन येतं आणि मग सदस्य उलटसुलट विचारतात. चौकशी समिती नेमणं, अधिकाऱ्याचं निलंबन, अशा घोषणा अनेकदा इथेच, उभ्या-उभ्या होतात. घोषणा झाली की तीन गोष्टी ऐका: चौकशी कोण करणार, किती दिवसांत, आणि अहवाल सभागृहात ठेवणार का. तिन्हींचं उत्तर आलं तर घोषणेत दम आहे. "उच्चस्तरीय चौकशी करू" एवढ्यावर विषय संपला तर तो तिथेच संपला असं समजायला हरकत नाही. पुरवणी मागण्या कंटाळवाण्या वाटतात, पण अर्थसंकल्पात ज्यासाठी पैसे धरलेच नव्हते त्यासाठी मध्येच किती मागितले, हे त्यातून कळतं. अधिवेशन संपत आलं की विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो. त्यावरचं मुख्यमंत्र्यांचं उत्तर पूर्ण ऐका, कारण संध्याकाळच्या बातम्यांत त्यातले फक्त टोमणे उरतात.

शुक्रवारी दुपारी संसदेत खाजगी सदस्यांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांचं, कामकाज असतं, अडीच तास. लोकसभेत एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव. अशी फक्त १४ विधेयकं आजवर कायदा झाली आणि शेवटचं १९७०मध्ये, म्हणून लोक याला वेळेचा अपव्यय समजतात. मला ते पटत नाही. इथे पक्षादेशाचा ताण कमी असतो आणि खासदार स्वतःच्या डोक्याने बोलताना दिसतो. तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २०१५मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. ते लोकसभेत पुढे गेलं नाही, पण त्या विषयावर सरकारला २०१९मध्ये स्वतःचा कायदा आणावा लागला. त्या कायद्यावर बरीच टीका झाली हेही खरं, आणि दोन्ही मसुदे शेजारी ठेवून बघितले तर टीका का झाली ते कळतं.

शनिवारी स्टुडिओ. आता तुमच्याकडे पाच दिवसांचा कच्चा माल आहे, त्यामुळे चर्चा बघायला हरकत नाही. पण गणित डोक्यात असू द्या. नियमाप्रमाणे तासाला जाहिराती दहा आणि स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिराती दोन, अशी १२ मिनिटांची मर्यादा आहे. ती पाळली तरी उरतात ४८ मिनिटं. सहा पाहुणे आणि एक निवेदक यांत वाटली की माणशी सात मिनिटंही येत नाहीत, आणि त्यातली निम्मी एकमेकांवर आवाज चढवण्यात जातात. या मांडणीत जलसिंचनाचा किंवा आरक्षणाचा मुद्दा उलगडून सांगणं चांगल्या माणसालाही जमत नाही. म्हणून सहा चौकटींच्या चर्चेपेक्षा एकाच नेत्याची मुलाखत निवडा. मुलाखत चांगली की वाईट हे पहिल्या प्रश्नावरून ठरवू नका. पहिला प्रश्न सगळेच कडक विचारतात. उत्तर टाळलं गेल्यावर निवेदक त्याच मुद्द्यावर दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारतो की "बरं, आता पुढच्या विषयाकडे" म्हणतो, ते बघा. दहा मिनिटांत एकदाही पाठपुरावा दिसला नाही तर खुशाल बंद करा.

चर्चाच बघायची असेल तर पडद्यावरचं शीर्षक प्रश्नचिन्हाने संपतं का ते बघा. "अमुक नेता पक्ष सोडणार?" अशा शीर्षकामागे बहुधा बातमी नसते, फक्त 'सूत्रं' असतात. चित्रांवर 'संग्रहित' असं लिहिलंय का तेही कोपऱ्यात बघा, कारण जुन्या सभेची गर्दी नव्या बातमीवर लावली जाते. आणि 'राजकीय विश्लेषक' म्हणून बसलेला माणूस गेल्या निवडणुकीत कुणाचा प्रचार करत होता का, हे शोधायला दोन मिनिटं लागतात.

रविवारसाठी श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका सुचवेन. राज्यसभा टीव्हीसाठी २०१४मध्ये केलेली आहे, यूट्यूबवर बघता येते, डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत. एका रविवारी एकच भाग. संविधान सभेत आपल्याच पक्षाच्या मसुद्याला उभं राहून विरोध करणारी माणसं होती, हे बघितल्यावर आजच्या सभागृहात काय हरवलंय ते भाषणबाजीशिवाय समजतं.

निवडणुकीच्या काळात हा सगळा क्रम मोडतो. मतदानोत्तर चाचण्या (एक्झिट पोल) शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार बंदी आहे. त्या संध्याकाळी त्या बघण्यात वेळ घालवू नका. २०२४च्या लोकसभेला बहुतेक चाचण्या भाजपच्या नेतृत्वाखालच्या रालोआला ३५०च्या वर जागा देत होत्या, मिळाल्या २९३. मतांची टक्केवारी जवळपास बरोबर आली तरी तिचं जागांत रूपांतर करताना अंदाज कोसळतो, कारण अटीतटीच्या मतदारसंघांत एखाद-दोन टक्क्यांनी निकाल फिरतो.

मतमोजणीच्या दिवशी मात्र टीव्ही जरूर लावा. आठला टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. विधानसभेच्या एका मतदारसंघाला साधारण १४ टेबलं, म्हणजे एका फेरीत १४ केंद्रं. ३५० केंद्रं असतील तर २५ फेऱ्या. तिसऱ्या फेरीनंतर "आघाडीवर" म्हणजे ३५० पैकी ४२ केंद्रांचा कल, आणि ती ४२ सुद्धा क्रमाने, म्हणजे बहुधा तालुक्याच्या एकाच बाजूची. निवेदक साडेनऊला सरकार बनवत असतो तेव्हा निवडणूक आयोगाच्या निकालांच्या पानावर आपल्या मतदारसंघाची फेरी कितवी ते बघा. निम्म्या फेऱ्या होईपर्यंत कलाला फारसा अर्थ नाही, निसटती लढत असेल तर शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत नाही.

अधिवेशन नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं (घटनेच्या अर्थाचे प्रश्न ऐकणाऱ्या मोठ्या पीठाचं) थेट प्रक्षेपण बघा. २७ सप्टेंबर २०२२ला ते सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेच्या फुटीचं प्रकरण सुनावणीला होतं. प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश देणारा) कोण नेमतं, पक्ष म्हणजे विधिमंडळ पक्ष की मूळ संघटना, यावरचे युक्तिवाद तिथे वकिलांच्या तोंडून सलग ऐकता येतात. एका बैठकीत तासभर ऐका, मग ११ मे २०२३च्या निकालातला त्या मुद्द्याचा भाग वाचा, आणि त्यानंतर १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयाचं रेकॉर्डिंग लावा. हा क्रम उलटा करू नका. आधी निर्णय ऐकला की युक्तिवाद ऐकताना आपण आपली बाजू शोधत बसतो.